घरचं काम होतं

कलिंगड पिकलं की नाही हे डोळ्यांना विचारायचं नसतं, बोटाला विचारायचं असतं. डोळा फसतो. हिरवंगार, तुकतुकीत फळ आतून पांढरंफटक निघतं आणि एखादं वाकडं, वाळूनं माखलेलं ध्यान असं लालभडक निघतं की बघत राहावं. म्हणून बाबा फळापाशी वाकायचे, डाव्या हाताचा पंजा त्यावर पसरायचे, उजव्या हाताच्या मधल्या बोटानं पंजावर दोनदा ठोकायचे आणि म्हणायचे, "राहू दे," नाहीतर "तोड." तिसरा शब्द होता "गेलं." गेलं म्हणजे आतून नासून पाणी झालं. असं फळ ठोकलं की बोट मेल्यासारखं परत येतं, आवाजच येत नाही.

मागून लेक विळ्यानं देठ कापत यायची, आणि घाई असली की वेलांची वेगळी सरी धरून स्वतःही ठोकायची. तिच्या मागे आई आणि आत्या टोपल्या भरून काठावर नेऊन ओतायच्या. उन्हाळ्यात नदी आटली की पात्रातल्या वाळूत चर खणायचे, खत भरायचं, वेल लावायचे आणि वरच्या धरणातून पाणी सुटायच्या आत सगळं फळ बाहेर काढायचं, हे त्या घराचं पिढ्यान् पिढ्यांचं काम. तोडणीचे तीन आठवडे. पाणी कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे त्या तीन आठवड्यांत घरातलं झाडून सगळं माणूस पात्रात हजर. आत्या लग्न होऊन पाच गावं पलीकडे गेली होती, तरी तोडणीला कधी चुकली नाही. तिच्या लग्नाची तारीखसुद्धा तोडणी बघून काढली होती म्हणे, आणि नवऱ्याला तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "वर्षातले तीन आठवडे मी तुमची नाही."

लेकीला गावात सगळे 'अर्धी' म्हणायचे. आधी ती 'डॉक्टरीणबाई' होती. गावातून डॉक्टरीला गेलेली पहिलीच पोर, त्यामुळे लोकांनी शिक्षण पुरं व्हायच्या आधीच तिला नाडी दाखवायला सुरुवात केली होती. मग तीन वर्षांनी कॉलेजनं नाव कापलं आणि ती ट्रंक घेऊन परत आली. चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणालं, "अर्धी डॉक्टर झाली की!" गावाला काय, तेवढंच पुरलं. दुसऱ्या दिवसापासून 'डॉक्टर' गळून पडलं आणि 'अर्धी' राहिली.

नापास झाली म्हणून काढली असती तर गोष्ट वेगळी. तिचे मार्क चांगले होते. घोडं अडलं हजेरीवर. तीन वर्षं, दर उन्हाळ्यात, तोडणी लागली की ती कपड्यांची पिशवी उचलायची आणि एसटीत बसायची. रजा मागितली नाही. मागायची असते हे डोक्यातच आलं नाही! तोडणीला घरी यायचं तर कुणाला विचारायचं? कॉलेजनं दोनदा ताकीद पाठवली, ती घरच्या पत्त्यावर. बाबांनी शिक्का बघितला, पाकिटावर लेकीचं नाव बघितलं आणि दोन्ही पाकिटं लोखंडी पेटीत बियांच्या पुरचुंड्यांखाली जपून ठेवली. दुसऱ्याच्या नावाचं पाकीट फोडायचं नाही, असा त्यांचा नियम. आणि कॉलेजचं पत्र म्हणजे चांगलंच काहीतरी असणार. लेक आली की तोडणीच्या गडबडीत सांगायचं राहून जायचं.

तिसऱ्या वर्षी तिची नेमकी वॉर्डातली पाळी बुडाली. कार्यालयात एक छापील कागद पुढे आला. 'गैरहजेरीचं कारण.' तिच्या आधी उभ्या असलेल्या मुलीनं टायफॉइडचा दाखला जोडला होता. त्या मुलीला वर्षात दोनदा टायफॉइड झाला होता आणि दोन्ही वेळा ती मावसबहिणीच्या लग्नात नाचत होती. असा दाखला हिलाही कुणीही दिला असता. पण आईचा एक कायदा लहानपणापासून कानात बसलेला, की नसलेलं आजारपण सांगू नये, ते पत्ता विचारत घरी येतं. हिनं कागदावर लिहिलं, 'घरचं काम होतं.' तीन शब्द. त्या तीन शब्दांवर तीन वर्षं गेली.

परत आल्यावर आठ दिवस ती घरातून बाहेर पडली नाही. नवव्या दिवशी आत्या आली आणि म्हणाली, "मेलं कोण ते तरी सांगा, म्हणजे मी रडायला बसते." मग हिला हाताला धरून थेट दवाखान्यात नेऊन उभी केली.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या. एकीत बाक, दुसरीत म्हातारे डॉक्टर. त्यांना सगळं गाव घाबरायचं, कारण ते औषधाआधी शिव्या द्यायचे. आत्यानं सांगितलं, "ही आमची अर्धी. उरलेली तुम्ही करा."

डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं. "झाडू मारता येतो का?"

"येतो," ती म्हणाली.

"मग मार. पुस्तकं आणलीस ना परत? संध्याकाळी रोज वीस पानं. मी विचारीन."

आणि त्यांनी खरंच विचारलं. सकाळी ती घरच्या कामात, दुपारनंतर दवाखान्यात. झाडू मारला, सुया उकळल्या, पट्ट्या बांधल्या, पोरांचे घसे बघितले. डॉक्टर पेशंटच्या देखतच तिला झापायचे. "अगं, जीभ बघतेस की पत्ता शोधतेस तिच्यावर?" पेशंट हसायचे, ती लाल व्हायची, आणि जीभ कशी बघायची ते मात्र जन्मात विसरायची नाही. सहा महिन्यांत बाकावरची माणसं म्हणायला लागली, "म्हातारा ओरडत असला तर आधी अर्धीला दाखवून घेऊ." हे ऐकलं की तिला आतून बरं वाटायचं. कधी कधी तिला वाटायचं, हेच काय वाईट आहे? पण रात्रीच्या जेवणाला बसली की पुस्तकातलं एखादं चित्र डोळ्यांपुढे यायचं आणि घास तोंडातच फिरत राहायचा. अर्धं शिकलेलं माणसाला सुखानं बसू देत नाही. तिला पुरं व्हायचं होतं, दुसरं काही नको होतं.

या वर्षीची तोडणी सुरू व्हायच्या आधी एक दिवस नावाडी आला. आडदांड माणूस, नदीला पाणी असताना एकट्यानं वल्हं मारून वीस माणसं पलीकडे न्यायचा. तो पायरी चढताना दोनदा थांबला. महिनाभर खोकला, संध्याकाळी ताप, दोन बाटल्या औषध पिऊन झालं होतं. डॉक्टर आत एकाचं गळू कापत होते. ते ओरडले, "त्याला खोकल्याची तिसरी बाटली दे आणि घालव!"

तिनं बाटली हातात घेतली आणि ठेवली. "दादा, सदरा काढा," म्हणाली.

तिनं त्याच्या पाठीवर डावा पंजा पसरला आणि उजव्या बोटानं ठोकत खाली आली. उजवीकडे घुमत होतं. डावीकडे वर घुमलं, मधे घुमलं, आणि खांद्याच्या पात्याखाली बोट मेल्यासारखं परत आलं. तिनं पुन्हा ठोकलं. पुन्हा तसंच. तिच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "गेलं!"

"कोण गेलं?" नावाडी दचकला.

"कुणी नाही हो. तुम्ही धडधाकट आहात," ती घाईनं म्हणाली आणि आत गेली. "डॉक्टर, डाव्या छातीत खाली पाणी झालंय."

डॉक्टर रक्ताळलेल्या हातानं तसेच बाहेर आले. हात धुतले, स्वतः ठोकलं, नळी लावली, पुन्हा ठोकलं. मग त्यांनी मोठ्या इस्पितळाला चिठ्ठी लिहिली. तिथे नावाड्याच्या छातीतून दीड लिटर पाणी निघालं आणि पुढचं औषध सुरू झालं.

"ठोकायला कुठे शिकलीस?" संध्याकाळी डॉक्टरांनी विचारलं. "कॉलेजातली पोरं पाठीवर दार वाजवल्यासारखी वाजवतात."

"कलिंगडावर," ती म्हणाली.

डॉक्टर बराच वेळ हसले. मग हसायचे थांबले आणि टेबलाच्या खणातून कागद काढला. कुणाला काय लिहिलं ते त्यांनी तिला सांगितलं नाही.

उत्तर आलं ते सोमवारी, ऐन तोडणीत. दुसऱ्या एका कॉलेजचं पत्र. या वेळी पाकीट दवाखान्याच्या पत्त्यावर होतं, म्हणून बियांच्या पेटीत गेलं नाही. नाव कापलेल्या विद्यार्थ्यांसाठी एकच जागा. गुरुवारी सकाळी दहाला समितीपुढे हजर राहावं, वर्षभराच्या कामाचा दाखला आणावा आणि आधीच्या कॉलेजनं नाव का कमी केलं त्याचा समाधानकारक खुलासा करावा. तारीख बदलून मिळणार नाही.

ती पत्र घेऊन पात्राकडे निघाली, तोच काठावरून जीप गेली. वर भोंगा. "शुक्रवारी दुपारी बारा वाजता धरणातून पाणी सोडण्यात येईल हो! पात्रातल्या सर्वांनी माल काढून घ्यावा हो!" नेहमीपेक्षा नऊ दिवस आधी. वाळूत अर्ध्याहून जास्त वेल तसेच पडलेले.

कॉलेजला जायचं म्हणजे बुधवारी पहाटे निघायचं आणि शुक्रवारी परत यायचं. तिनं मनातल्या मनात दिवस मोजले, पत्राची घडी केली आणि ओढणीच्या टोकाला बांधली. मग विळा घेऊन बाबांच्या मागे वाकली.

पण दवाखान्यातली बातमी कधी पोटात राहिली आहे? जेवायच्या वेळेला खुद्द म्हातारे डॉक्टर वाळूत पाय रुतवत, शिव्या देत आले. झाडाच्या सावलीत सगळे डबे उघडून बसले होते.

"सांगितलंस का घरी?"

तिनं भाकरीचा तुकडा मोडला. आईनं तिच्या ओढणीची गाठ आधीच बघितली होती. तिनं ती सोडून पत्र बाबांपुढे धरलं. बाबांनी सावकाश, एकेक अक्षर लावत वाचलं.

"मी जात नाहीये," ती म्हणाली. "तोडणी आहे. आणि खुलासा काय करणार? तेच तीन शब्द. त्यावर एकदा हाकललंच की."

"त्याचं मी बघतो," डॉक्टर म्हणाले. "मागच्या तारखेचा टायफॉइड लिहून देतो. झकास, एकवीस दिवसांचा."

"नको," आई ताडकन म्हणाली. एरवी ती डॉक्टरांपुढे पदर सावरून गप्प बसायची. "माझ्या पोरीच्या नावावर आजार लिहायचा नाही. जागा मिळो न मिळो."

"अहो बाई, कागदावरचा टायफॉइड तो! त्याला कुठे ताप येतो?"

"नको म्हणजे नको."

डॉक्टरांनी हात टेकले. "सगळं घर एका माळेचे मणी. अगं, जा तरी. आयुष्याचा प्रश्न आहे."

"हिचा एकटीचा आहे का?" आत्या म्हणाली. "पाणी येतंय शुक्रवारी." म्हणाली खरी, पण लगेच जीभ चावली.

बाबांनी हात धुतले, सदऱ्याला पुसले. "कॉलेजनं तुला का काढलं?" त्यांनी विचारलं, जणू पहिल्यांदाच विचारत होते.

"रजा न मागता इकडे आले म्हणून."

"हां. आणि आता इकडे रजा न मागताच 'जात नाही' म्हणतेस. तिथे मागितली नाहीस, इथे मागत नाहीस. तुला मागायची अडचण काय आहे? माग तर खरी. द्यायची की नाही ते मी बघीन."

तिला वाटलं, बाबा थट्टा करताहेत. पण बाबा थट्टा करताना मिशीत बोट घालायचे, आणि आता बोट मिशीत नव्हतं.

"तोंडी नको," ते म्हणाले. "तुमच्यात लेखी लागतं ना? लेखी दे."

डॉक्टरांनी खिशातून औषधांच्या चिठ्ठ्यांचं पुस्तक काढलं आणि एक कोरा कागद फाडला. तिनं उलट्या टोपलीवर कागद ठेवून लिहिलं. बाबांनी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला.

"माननीय बाबा यांस. विषय, तोडणीच्या कामातून रजा मिळण्याबाबत. मी आपल्याकडे लहानपणापासून कामाला आहे. आजवर एकही खाडा केलेला नाही. या गुरुवारी कॉलेजात बोलावलं आहे. प्रवेश मिळाल्यास पुढची पाच वर्षं मला तोडणीला येता येणार नाही. तरी रजा मंजूर करावी. कारण, कॉलेजचं काम आहे. आपली, मुलगी."

पाच वर्षं म्हणताना त्यांचा आवाज जरा खाली गेला. मग ते म्हणाले, "पेन." आणि अर्जाखाली लिहिलं, 'मंजूर.' त्याच्याखाली सही. बियाणं घेतानासुद्धा ते इतकी सावकाश सही करत नसत.

"साक्षीदार लागतो," आत्या म्हणाली. तिनं पेन ओढून घेतलं आणि बाजूला लिहिलं, 'साक्षीदार, आत्या.' डोळे पुसत वर म्हणाली, "तीस वर्षं मी बिनरजेची राबतेय, मला नाही कुणी विचारलं!"

"तुझी रजा नामंजूर," बाबा म्हणाले, आणि आता बोट मिशीत गेलं.

"पण पाणी, बाबा?" तिनं विचारलं.

"जेवढं निघेल तेवढं निघेल. उरलेलं नदीचं. एरवी तीच देते ना?"

गुरुवारी दहाला ती हजर झाली आणि दुपारी पाळी आल्यावर लांबलचक टेबलापुढे बसली. पलीकडे तिघं. मधे पिकल्या केसांच्या मुख्य बाई, एका बाजूला किडकिडीत सर, दुसऱ्या बाजूला फाईल चाळणारे सर. तिच्या नखांत वाळू होती. दोनदा धुऊनही निघाली नव्हती, म्हणून तिनं हात मांडीवर ठेवले.

आधी म्हाताऱ्या डॉक्टरांचा दाखला वाचला गेला. 'हिने वर्षभर माझ्याकडे झाडू मारला, पट्ट्या बांधल्या आणि माझ्या चुका काढल्या. पैकी एक चूक माणसाच्या जिवावर बेतली असती. माझी खात्री आहे, की ही चांगली डॉक्टर होईल. मी आता म्हातारा झालो आहे, तरी लवकर पाठवावी.' मग त्यांनी विचारलेल्या बऱ्याच प्रश्नांची तिनं उत्तरं दिली, एक चुकलं, दोन ठिकाणी 'येत नाही' म्हणाली.

"आता हे," फाईलवाले सर म्हणाले. "नाव का कमी झालं?"

"घरचं काम होतं."

"हे आम्ही वाचलंय. खरं कारण? आजारपण वगैरे?"

"नाही सर. ठणठणीत होते. कलिंगडं काढायची होती." तिचे कान तापले. "रजा मागायला पाहिजे होती. मागितली नाही. ती माझीच चूक."

किडकिडीत सर पुढे झुकले. "इथे दाखला घेऊन आलेले सात जण सकाळपासून आजारी होऊन गेले. तू पहिलीच धडधाकट."

मुख्य बाई हसल्या नाहीत. "कलिंगडं दर वर्षी पिकतात," त्या म्हणाल्या. "पुढच्या उन्हाळ्यातही पिकतील. मग?"

तिनं पिशवीत हात घातला. औषधाच्या चिठ्ठीचा कागद काढला, हातानं सपाट केला आणि टेबलावर सरकवला. आता हसतील, मग हसू देत, असं म्हणून ती खाली बघत बसली.

बाईंनी वाचलं. किडकिडीत सरांनी वाचलं आणि तोंडावर रुमाल धरला. फाईलवाल्या सरांनी वाचलं, मग उलटून मागची बाजू बघितली.

"हे साक्षीदार कोण?" बाईंनी विचारलं.

"माझी आत्या. तिला रजा मिळत नाही."

आता मात्र बाईंचा चष्मा हलला. त्यांनी तो काढला, पुसला, पुन्हा घातला. मग अर्जाला काळजीपूर्वक दोन भोकं पाडली आणि तो तिच्या नावाच्या नव्या फाईलमध्ये पहिलाच कागद म्हणून ओवला.

"दुसऱ्या वर्षापासून बसावं लागेल. एक तारखेला हजर व्हा. तुमच्या वडिलांनी रजा दिली आहे, आता मी तुमची गैरहजेरी ऐकून घेणार नाही."

ती "हो" म्हणाली, बाहेर आली, आणि जिन्यात बसून पोटभर रडली. शिपायानं पाणी आणून दिलं. त्याला वाटलं, जागा गेली.

शुक्रवारी दुपारी ती एसटीतून उतरली तेव्हा नदी आली होती. आदल्या दिवशीपर्यंत जिथे वेल होते तिथून गढूळ पाणी काठाला घासत चाललं होतं. पलीकडचा कोपरा सगळा गेला होता. दहा-बारा कलिंगडं पाण्यावर डुलत निघालेली तिला लांबूनही दिसली. पण अलीकडे, झाडाखाली, केवढा ढीग! माणसाच्या उंचीचा. ढिगाशेजारी नावाडी खाटेवर बसून हुकूम सोडत होता. त्याला वजन उचलायची बंदी होती, म्हणून त्यानं दोन्ही भाऊ आणि मेहुणा पाठवले होते, वर स्वतः ओरडायला आला होता.

"आली, अर्धी आली!" आत्या ओरडली. "तुझी सरी मी काढली बरं का. ठोकून ठोकून बोट सुजलं माझं."

"चाळीस कच्ची तोडलीत तिनं," आई म्हणाली. मग लेकीच्या तोंडाकडे बघितलं आणि पुढे काही विचारलंच नाही, तिला जवळ ओढून घेतलं. आईला कळायचं ते असं कळायचं.

बाबा पाण्याच्या कडेला पाय धूत होते. वर आले. "काय म्हणाले?"

"एक तारखेपासून जायचंय."

बाबांनी मान हलवली. दोनदा, तीनदा. मग हात पुढे केला. "कागद दे."

"कुठला?"

"रजेचा. माझ्या सहीचा."

"तो त्यांनी ठेवून घेतला, बाबा. फाईलला लावला. सगळ्यात वर."

"कॉलेजच्या फाईलला? माझी सही?" बाबांचा चेहरा क्षणभर फुलला, आणि मग त्यांनी ढिगाकडे बघितलं, नदीकडे बघितलं. "ते ठीक. पण मग मला एक नक्कल करून दे."

"तुम्हाला कशाला?"

"पुढच्या तोडणीला मी 'तोड' म्हणायचो आणि मागे कुणी नसायचं," बाबा म्हणाले. "एकदा तरी विसरणारच मी. तेव्हा घरी येऊन वाचायला काहीतरी पाहिजे ना."

तिनं टोपली उलटी केली आणि तिथेच नक्कल लिहिली, शब्दाला शब्द. बाबांनी पुन्हा 'मंजूर' लिहिलं, आत्यानं सुजलेल्या बोटानं साक्ष घातली. घरी जाऊन तो कागद लोखंडी पेटीत बियांच्या पुरचुंड्यांखाली गेला. या वेळी मात्र पेटी लावण्याआधी बाबांनी तो आईला मोठ्यानं वाचून दाखवला, पहिल्या अक्षरापासून स्वतःच्या सहीपर्यंत.